चालत जाणारं देऊळ

एप्रिलमधलं सोलापूर, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि मी जीमॅटचं, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचं, सेंटेन्स करेक्शन सोडवतोय. एक इंग्रजी वाक्य, त्यातला तुकडा अधोरेखित, खाली पाच पर्याय, आणि त्यातला पहिला म्हणजे वरचंच जसंच्या तसं. हा पहिला टिक करायचं धाडसच होत नव्हतं हो, विचारलंय म्हणजे काहीतरी चुकलेलंच असणार असं वाटायचं आणि मग चांगलं वाक्य मोडून यायचो. व्हर्बल म्हणजे इंग्रजीच्या भागात 65 मिनिटांत 36 प्रश्न, त्यात हे असले बरेच.

सगळ्यात जास्त चुकायचं ते सिंग्युलर-प्लुरल. 'द बंडल ऑफ चादर्स आर रेडी', कानाला एकदम ओके! आता आमच्या काकांचं चादरींचं दुकान, दिवसातनं दहा वेळा ऐकतो, "चादरींचा गठ्ठा तयार हाय का रे?" तिथं 'हायत' असं कुणीच म्हणत नाही. का, तर मराठीत गठ्ठा शेवटी येतो, क्रियापदाला चिकटून, चादरी आधीच होऊन गेलेल्या असतात. इंग्रजीत गठ्ठा पुढं निघून जातो आणि क्रियापदाशेजारी चादरी येऊन बसतात, कान फसणारच. हे लक्षात आल्यावर मी प्रत्येक वाक्य मनात काकांच्या आवाजात वाचायला लागलो, आणि खरंच चुका कमी झाल्या.

पण मॉडिफायरला, म्हणजे कुणाचंतरी वर्णन करणाऱ्या तुकड्याला, हीच मराठी नडली. 'तळ्याकाठनं चालत जाताना देऊळ दिसलं' यात काय चूक आहे सांगा? काही नाही. पण हेच इंग्रजीत 'वॉकिंग अलाँग द लेक, द टेंपल...' असं सुरू केलं की संपलं, कारण कॉमानंतर जो येईल तोच चालणारा, म्हणजे सिद्धेश्वराचं देऊळच तळ्याकाठनं फिरायला निघालंय! असली वाक्यं मी डोळे झाकून बरोबर धरायचो.

एवढं सगळं जमायला लागलं आणि नोव्हेंबर 2023 मध्ये परीक्षेची नवी आवृत्ती आली, त्यातनं सेंटेन्स करेक्शनच काढून टाकलेलं. आई म्हणाली, बरं झालं, डोक्याचा ताप गेला.

गेलाय कुठं. परवा मित्राबरोबर तळ्यावर गेलो होतो, तो म्हणाला, "चालत येताना देऊळ लई भारी दिसालंय बे." माझ्या तोंडातनं निघून गेलं, "कोण चालत यायलंय?"

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि शेंगा पुढं केल्या.