तुम्ही विचारलंत म्हणून: पावसात गाडी मागून सुटली तर?

पुण्याहून फोन आला की आईची गुडघेदुखी, युरोचा भाव आणि ‘यंदा गणपतीला येणार का’ हे विषय झाल्यावर एक प्रश्न हमखास येतो. ‘तुझी ती दोन सीटची पोर्शे मागच्या चाकांवर चालते ना? तिकडे जर्मनीत तर बारमाही पाऊस. मागून सुटली, म्हणजे मागची चाकं घसरून शेपूट बाहेर गेलं, तर सावरतोस कशी?’ पूर्वी हा प्रश्न गंमत म्हणून यायचा. आता विचारणाऱ्यांपैकी काहींनी स्वतःच सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतल्या आहेत, आणि मे संपत आला की प्रश्नातली गंमत कमी होते. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

थोडक्यात उत्तर: सावरत नाही. मला जमत नाही, तुम्हालाही बहुधा जमणार नाही. हे मी नम्रपणे म्हणत नाहीये. पैसे भरून, पावती घेऊन शिकलोय.

जर्मनीत एडीएसी नावाचा मोटारवाल्यांचा भलामोठा क्लब आहे, १९०३ पासूनचा. रस्त्यात गाडी बंद पडली की ज्यांची पिवळी गाडी येते ते हेच. त्यांची देशभर सुरक्षित ड्रायव्हिंग शिकवणारी केंद्रं आहेत आणि तिथे आपापली गाडी घेऊन जायचं असतं. पाण्याची वाट बघावी लागत नाही. रस्त्यावर फवारे लावलेले असतात, काही भागांवर मुद्दाम गुळगुळीत लेप असतो. माझी गाडी पोर्शेची बॉक्स्टर, उघडणाऱ्या छपराची, ९८७ म्हणतात ती पिढी. इंजिन सीटच्या मागे पण मागच्या चाकांच्या पुढे, वजन जेमतेम तेराशे किलो, पुढे २३५ आणि मागे २६५ मिलिमीटर रुंदीचे टायर.

सकाळचा बराच वेळ गेला बसण्यात. म्हणजे खरोखरच बसायला शिकण्यात. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे, आणि ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. स्पोर्ट्स कारवाले सगळे पाठ मागे रेलून, हात लांब ताणून बसतात, कारण ते झोकात दिसतं. त्या सगळ्यांना सरळ बसवलं गेलं. मला हे प्रकरण फालतू वाटलं होतं. दुपारी वाटलं नाही. गाडी मागून हलते ते आधी कळतं कमरेला, डोळ्यांना नंतर. पाठ सीटला चिकटलेली नसेल तर ते अर्ध्या सेकंदाने उशिरा कळतं, आणि या धंद्यात अर्धा सेकंद म्हणजे फार झाला.

मग ब्रेक. ओल्या रस्त्यावर पन्नासच्या वेगाने यायचं आणि खुणेपाशी जीव खाऊन ब्रेक मारायचा. गंमत म्हणजे जवळजवळ कुणीच पहिल्या खेपेला पूर्ण ब्रेक मारत नाही. चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस सुरू झालं की पेडल पायाखाली थरथरतं, घरघर आवाज येतो, आणि काहीतरी मोडलं असं वाटून पाय आपोआप सैल पडतो. थरथरू दे, दाबून धर, आणि दाबलेलं असतानाच स्टिअरिंग फिरवून अडथळ्याच्या बाजूने काढ: एबीएस आहेच त्यासाठी, चाकं पूर्ण लॉक झाली की गाडी वळत नाही म्हणून.

तेच साठच्या वेगाने करायला लावतात. इथे मी एक हिशेब मांडून दाखवतो. पायाला हलायला एक सेकंद लागला आणि ओल्या रस्त्यावर दर सेकंदाला वेग ताशी १८ किलोमीटरने उतरला असं धरा. पन्नासने येणारी गाडी सुमारे ३३ मीटरमध्ये थांबते. साठने येणारी गाडी त्याच जागी पोहोचते तेव्हा तिचा वेग अजून ३८ असतो. दहाच किलोमीटरचा फरक, पण एक जण थांबलाय आणि दुसरा कुणाच्या तरी डिकीत घुसलाय. आकडे कागदावर कितीही वेळा वाचा, समोर पाण्याची भिंत अचानक उसळते आणि आपण ३८ ने तिच्यातून आरपार जातो तेव्हा ते पटतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाची जागा. रस्त्यात एक आडवी लोखंडी पट्टी बसवलेली असते. पुढची चाकं तिच्यावरून जातात, मागची आली की पट्टी हायड्रॉलिक दाबाने खटकन डावीकडे किंवा उजवीकडे सरकते. कुठे सरकणार ते आधी कळत नाही. पुढे लगेच भिजवलेला गुळगुळीत पट्टा. म्हणजे मागून सुटणारी गाडी, मागणीनुसार. पस्तीसने गेलं की उलटं स्टिअरिंग देऊन, म्हणजे शेपूट जाईल त्याच बाजूला फिरवून, गाडी सरळ होते आणि सगळ्यांची छाती फुगते. चाळीसच्या पुढे निम्मे लोक गोल फिरतात. पन्नासला आम्ही सगळेच फिरलो. हात भरभर चालवणारे, गो-कार्टिंग केलेले, माझ्यासारखे शांत डोक्याने करू म्हणणारे, सगळे. मग शिकवणाऱ्याने स्वतः करून दाखवलं. तीही गाडी फिरली. तो उतरून हसला, कारण त्याला दाखवायचं होतं तेच ते होतं.

तेव्हा ‘सावरतोस कशी’ याचं खरं उत्तर त्या पट्टीच्या आधी आहे. गाडी सुटल्यावर काय करायचं हे कमी महत्त्वाचं, सुटण्याआधीचे दोन-तीन सेकंद तुम्ही काय करत होता ते जास्त. आणि तिथे नेमकी स्पोर्ट्स कार फसवते. साध्या हॅचबॅकमध्ये वळणावर जरा जोर केला की ती कलते, टायर कुरकुरतात, शेजारी बसलेली बायको काहीतरी बोलते. बॉक्स्टर कलत नाही. ती चाळीसला जशी शांत तशीच नव्वदला शांत. वजन मधोमध एकवटलेलं असल्यामुळे ती वळायला चपळ, आणि तितकीच गरगरायलाही चपळ. कोरड्या रस्त्यावर तिची मर्यादा इतकी वर आहे की गावच्या रस्त्यांवर तुम्ही तिच्या जवळपासही जात नाही. पाऊस पडला की ती मर्यादा धाडकन खाली येते, पण गाडी त्याची वर्दी देत नाही.

वळणात शिरल्यावर घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन काढणं, हा या गाड्यांतला सगळ्यात वाईट प्रतिक्षेप. वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात आणि मागचा भाग बाहेर निघतो. पोर्शेचं इंजिन मागच्या टोकाला असलेलं ९११ टर्बो १९७५ मध्ये आलं तेव्हा याच गोष्टीमुळे बदनाम झालं. त्यात टर्बोचा जोर उशिराने आणि एकदम यायचा, तो वळणाच्या मध्यात आला की संपलं. म्हणून वेग कमी करायचा तो गाडी सरळ असताना, वळणाआधी. वळणात पाय स्थिर, बाहेर पडताना स्टिअरिंग सरळ होत जाईल तसतसा हळूहळू जोर. गिअर एक वरचा ठेवा. मॅन्युअल असेल तर खालचा गिअर टाकताना क्लच फटकन सोडू नका, इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो आणि ओल्यात तेवढंही पुरतं. आणि पुढची चाकं सरळच जात राहिली, गाडी वळेनाशी झाली, तर स्टिअरिंग आणखी पिळू नका, थोडं सैल करा. हे हाताला शिकवावं लागतं, डोक्याला पटून उपयोग नाही.

‘पण इलेक्ट्रॉनिक्स असतं ना?’ असतं. ईएसपी, म्हणजे घसरू लागलेली गाडी आपोआप सावरू पाहणारं तंत्र, १९९५ मध्ये बॉशने मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आणलं, युरोपात २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला सक्तीचं आहे, आणि ते बंद करून पावसात गाडी चालवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, लांब उभा राहतो. ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ करतं. २०१८ मध्ये दाखवलेल्या ९११ मध्ये तर पुढच्या चाकांच्या कमानीत आवाज टिपणारे सेन्सर आहेत. उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून गाडी ड्रायव्हरला सांगते, वेट मोड लाव. लावायचं तुम्हालाच. कल्पना मला फार आवडते. पण हे सगळं चालतं टायर आणि रस्ता यांच्यात जेवढी पकड शिल्लक आहे तेवढ्यावर. पकडच नसेल तर कोणत्या चाकाला ब्रेक लावला याला काही अर्थ राहत नाही.

आणि पकड पूर्ण जाते ती पाणी साचलेल्या जागी, टायर पाण्यावर तरंगायला लागतो तेव्हा. इथे रुंद टायर शत्रू ठरतो. ताशी ८० चा वेग, रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी: २६५ च्या एका टायरला सेकंदाला साधारण १७ ते १८ लिटर पाणी वाटेतून हटवावं लागतं. १८५ चा टायर असलेल्या छोट्या गाडीला १२ लिटर. म्हणजे दर सेकंदाला एक मोठी बादली, तीही कडेपर्यंत जास्त अंतर ढकलत न्यायची. ते काम नक्षीतल्या खाचा करतात. नव्या टायरची खाच साधारण आठ मिलिमीटर खोल असते. कायद्याची किमान मर्यादा इकडेही १.६ आणि भारतातही १.६. एडीएसी उन्हाळी टायरला तीनच्या खाली जाऊ नका म्हणतं, आणि मी त्यांचं ऐकतो. टायर गोटा व्हायची वाट बघण्याची चैन पावसात परवडत नाही. एकाच जोडीचे पैसे असतील तर चांगले टायर मागे लावा. पुढची चाकं तरंगली तर गाडी सरळ जाते, मागची तरंगली तर फिरते.

तरंगलीच, तर करण्यासारखं फार काही नाही: क्लच दाबा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेक नको, टायर पुन्हा टेकेपर्यंत थांबा. टेकतात तेव्हा स्टिअरिंग वाकडं असेल तर गाडी त्या दिशेला झेप घेते.

हायवेवर साचलेलं पाणी कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. इथल्या ऑटोबानवर उजव्या लेनमध्ये ट्रकांनी दोन चर पाडलेले असतात आणि पावसात त्यांचे ओढे होतात. मी त्या चरांच्या जरा बाजूने चालवतो. दुसरी जागा फारशी कुणाला ठाऊक नसते. डावं वळण संपून उजवं सुरू होतं तिथे रस्त्याचा उतार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे बदलतो, म्हणजे मधे थोडा तुकडा अगदी सपाट असतो. पाण्याला जायला वाटच नसते. नेमक्या तिथेच सरळ रस्ता दिसतो म्हणून लोक पाय दाबतात. वेगमर्यादेच्या पाटीखाली ‘ओलं असताना’ अशी छोटी पाटी अनेक ठिकाणी असते, ती कुणीतरी विचार करून लावलेली आहे असं मानून चालवावं. पाऊस इतका आला की ५० मीटरपलीकडचं दिसत नाही, तर कायद्यानेच कमाल वेग ५०. मर्यादा नसलेल्या ऑटोबानवरही.

तुमच्याकडे हिशेब थोडा वेगळा. घाटात ऐंशीने जाण्याचा प्रश्नच नाही, तेव्हा तरंगण्यापेक्षा बाकीच्या गोष्टी पुढे येतात. जूनचा पहिला पाऊस सगळ्यात निसरडा: आठ महिन्यांचं डिझेल, तेल, रबराची भुकटी आणि धूळ यांचा राडा वर येतो, आणि धो धो कोसळून तो धुऊन जाईपर्यंत थांबलेलं बरं. ताम्हिणीत डोंगरातली लाल माती वळणावर वाहून येते. पुलांचे लोखंडी सांधे, झेब्रा क्रॉसिंगचा जाड पांढरा रंग, दोन्ही ओले असताना साबणासारखे. त्यांच्यावर असताना ब्रेकही नको आणि जोरही नको. डबक्याखाली खड्डा आहे असंच धरायचं. आणि कृपा करून पाऊस आला म्हणून चारी इंडिकेटर लावून चालवू नका. मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय काहीच कळत नाही. साधे हेडलाइट लावा.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती तुमच्या टायरच्या वयाची. सेकंडहँड स्पोर्ट्स कार फारशी चाललेली नसते, विकणारा अभिमानाने सांगतो, ‘दहा हजारसुद्धा झाली नाहीये.’ नक्षी नव्यासारखी दिसते. रबर मात्र आठ-दहा वर्षं पार्किंगमध्ये वाळून कडक झालेलं असतं, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनंतर लांबलचक क्रमांक असतो, त्याच्या शेवटी चार आकडे: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. कधी कधी हे आकडे टायरच्या आतल्या बाजूला येतात, मग गाडीखाली वाकून मोबाइलच्या टॉर्चने बघावं लागतं. चारही टायर बघा, एकाच वेळचे असतील असं गृहीत धरू नका.

राहिला तो दुसरा नेहमीचा प्रश्न, पावसात छप्पर उघडं ठेवता येतं का. सत्तर-ऐंशीच्या वर बारीक पाऊस काचेवरून डोक्यावरून निघून जातो, हे खरं आहे. पण पुढे सिग्नल लागतो. ९८७ चं छप्पर बंद व्हायला बारा सेकंद लागतात.