भाणातला गुलाब

गोव्यात एप्रिलच्या दुपारी काजूच्या भट्टीपाशी नाकात आधी हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, शिरतो, पण बघण्यासारखं असतं ते भाण, फेणी गाळायचं भांडं. कन्नौजचा अत्तरवाला म्हणेल, ही तर आमचीच देग, अत्तर गाळायचं भांडं! तिथं बांबूची नळी पाण्यात बसवलेल्या भपक्यात, म्हणजे वाफ झेलणाऱ्या भांड्यात, उतरते, इथंही वाफ पाण्यातच गार होते. तोंड लिंपायला तिथं माती नि कापूस, इथं रोयणीची, म्हणजे वारुळाची, माती.

मग यात गुलाब का चढवू नये? चढवावा, पण फेणीच्या भाणात नको. त्यात मुरलेला काजूचा वास घासून जात नाही. एक किलो पाकळ्यांना चार-पाच लिटर पाणी, भांडं दोन तृतीयांशच भरलेलं, नाहीतर पाकळ्या उसळून नळीत अडकतात. आच मंद हवी. वाढली की तळच्या पाकळ्या करपतात आणि गुलाबपाण्याला उकडलेल्या भाजीचा वास येतो. पहिलं लिटरभर पाणी धरावं नि विस्तव ओढून घ्यावा. पुढचं नुसतं पाणीच. रबरी नळी लावूच नये, अर्धा वास तीच पिते.

फुलं दमास्क जातीची, उन्हं चढायच्या आत तोडलेली आणि त्याच सकाळी भांड्यात पडलेली. पोत्यात दाबली की आतून तापतात, आंबतात. लांब दांड्याचे गुलाब लग्नाच्या मांडवातच बरे.

आणि तेल? किलोभर तेलाला साधारण साडेतीन-चार हजार किलो फुलं लागतात, म्हणजे आपल्या किलोत जेमतेम पाव ग्रॅम. तेवढं पाण्यातच विरून जातं. शिवाय गुलाबाच्या वासातलं फेनिल इथाइल अल्कोहोल हे सुवासिक द्रव्य पाण्यातच रमतं, वर तरंगणाऱ्या तेलात फारसं येत नाही. हेक्झेन या द्रावकाने काढलेल्या अर्कात, अ‍ॅब्सोल्यूटमध्ये मात्र तेच निम्म्याहून अधिक. म्हणून महागड्या तेलापेक्षा साधं गुलाबपाणी कधीकधी फुलाच्या जास्त जवळचं वाटतं.

वाफेवर काढलेलं खरं तेल वीस अंशांच्या आसपास गोठू लागतं. आपल्याकडच्या उकाड्यात ते कुठलं दिसायला! कुपी फ्रिजमध्ये ठेवून पाहावी. नकली तेल मेण मिसळूनही गोठवता येतं, हे आहेच.

मार्दोळच्या जायांना, म्हणजे जाईच्या फुलांना, मात्र भाण दाखवू नये. तोडल्यावरही त्या तासन्‌तास वास सोडत राहतात, वाफेनं तो सगळा खेळ मोडतो. त्यांना तिळाच्या थरांत निजवायचं, कोमेजली की नवी फुलं घालायची, असं बरेच दिवस, आणि मग तीळ घाण्यावर. पण तिथल्या म्हाळसा देवीच्या जायांच्या पूजेनंतर तिळांसाठी फुलं उरतात कुठं!