कलिंगडाचं कॉकटेल: चौथ्या खेपेला जमलं

तिसऱ्या खेपेनंतर ठरवलं होतं की आठ जणांसाठी एकदम कॉकटेल करून ठेवायचा नाद सोडायचा. सुटला नाही.

एका ग्लासात झकास लागणारं पेय आठपट केलं की पाणचट होत होतं. मेहुण्याने तर तोंडावर विचारलं, "दाजी, हे कलिंगडाचं पाणी आहे की पाण्याचं कलिंगड?" त्याचं चुकलं नव्हतं. शेकरमध्ये हलवताना बर्फ थोडा वितळतो, पण आपण लगेच गाळून घेतो. मोठ्या भांड्यातला बर्फ मात्र गप्पा संपेपर्यंत वितळतच राहतो. त्यात कलिंगड स्वतःच 90 टक्क्यांहून जास्त पाणी.

म्हणून या वेळी पाण्याचा बर्फ बादच केला. दीड लिटर रस काढला (मिक्सर दोन-तीन झटकेच फिरवायचा; दुसऱ्या खेपेला बियांचा भुगा झाला आणि सगळं कडवट लागलं). त्यातला अर्धा लिटर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून रात्रभर फ्रीजरमध्ये.

उरलेल्या 1 लिटरमध्ये पांढरी रम 400 मिली, लिंबाचा रस 200 मिली, साखरेचा पाक 120 मिली. पाक म्हणजे समान वजनाची साखर आणि पाणी, तार वगैरे काही नको. आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, त्यानं कडवटपणा दबतो आणि कलिंगड पुढे येतं.

पण खरी मजा लिंबाच्या सालीत निघाली. पिळण्याआधी चार लिंबांची हिरवी साल सोलाण्याने पातळ काढली, पाकासाठी मोजलेल्या साखरेत चुरली आणि झाकून ठेवली. चार तासांनी पाहिलं तर साखर ओली, चकचकीत, आणि झाकण काढताच वास घरभर. सालीतलं तेल साखरेनं ओढून घेतलेलं असतं. बारमधली मंडळी याला ऑलिओ सॅकरम म्हणतात. त्याच साखरेचा पाक केला, न उकळता, कोमट पाण्यात ढवळून, आणि साली गाळून टाकल्या. सालीखालचा पांढरा भाग येऊ दिलात तर मात्र कडूपणा नक्की.

चव गार झाल्यावरच बघा. थंडपणात गोडी कमी जाणवते, त्यामुळे साध्या तापमानाला बरोबर वाटलेलं मिश्रण फ्रीजमधून काढल्यावर आंबट लागतं. मी पाक 90 मिलीवर थांबवला होता, उरलेला 30 नंतर वाढवला.

सोडा भांड्यात नाही, ग्लासात. प्रत्येकी 50 मिली, फ्रीजमधला गारेगार, कारण कोमट सोड्यातला गॅस ओततानाच उडतो. पहिल्या खेपेला मी दुपारीच सोडा घालून ठेवला होता. संध्याकाळी नुसतं सरबत उरलं. पुदिना कुटायचा नाही, पानं तळहातावर एकदा आपटून वरून टाकायची.

न पिणाऱ्यांसाठी रमच्या जागी गार केलेला कोरा चहा घालून पाहिला. चहाच्या तुरटपणामुळे पेयाला अंग येतं. माझ्या मते सोड्याने नुसती जागा भरण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता त्या रसाच्या खड्यांबद्दल. ते साध्या बर्फापेक्षा लवकर वितळतात, पण वितळतो तो रसच. गंमत म्हणजे त्यातली गोडी आणि रंग आधी उतरतो. ग्लास संपता संपता तळाशी राहतो तो जवळजवळ पांढरा, फिका खडा. शेवटचे दोन घोट त्यामुळे अजूनही थोडे पाणचट लागतात. पुढच्या खेपेला गोठवण्याआधी रसात थोडा पाक मिसळून बघणार आहे.