सोडतीचा सीड आदल्या दिवशी कुणालाच माहीत नसावा

पायथन या प्रोग्रामिंग भाषेत वाटेल तसे आकडे काढून देणारं रँडम मोड्यूल आहे. त्याला ४२ हा सीड, म्हणजे ज्यापासून ते पुढचे सगळे आकडे काढतं तो सुरुवातीचा आकडा, द्या आणि पहिला आकडा मागा. ०.६३९४२६७९८४५७८८३७ येईल. माझ्या लॅपटॉपवर हाच येतो, तुमच्याकडेही हाच येईल, पुढच्या दिवाळीत चालवून पाहिलंत तरी हाच. लिनक्सवर सी भाषेत सीड न देता रँड फंक्शन वापरलं तर पहिला आकडा १८०४२८९३८३ मिळतो, कारण सीड दिला नसेल तर तो १ धरायचा असं सीच्या मानकातच लिहिलेलं आहे.

सोसायटीच्या पार्किंगची सोडत कंप्युटरवर काढायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं, तेव्हा कमिटीच्या बैठकीत मी आधी हे दोन आकडे दाखवले. आमच्याकडे स्टिल्टमधल्या जागा कमी आणि गाड्या जास्त, त्यामुळे दरवर्षी सोडत होते. आजवर स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून कुणाच्या तरी लहान मुलाला काढायला लावायचो. गेल्या वर्षी ‘चिठ्ठ्यांच्या घड्या सारख्या नव्हत्या’ म्हणून सभेत बराच आवाज चढला. म्हणून यंदा कंप्युटर, म्हणजे वादच नको, असा सगळ्यांचा सूर.

मला तो सूर पटला नाही. चिठ्ठीची घडी निदान डोळ्यांना दिसते. प्रोग्राममध्ये सीड आणि सभासदांची यादी ठरली की निकाल ठरला, पुढे सगळी नुसती आकडेमोड. मला लिफ्टजवळची जागा हवी असेल तर घरी बसून हजारभर सीड चालवून पाहीन, माझा फ्लॅट हवा तिथे येईल तो सीड निवडेन आणि सभेत सगळ्यांसमोर तोच टाइप करेन. प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली तरी त्यात काही खोट सापडणार नाही.

“मग आत्ताची वेळच सीड म्हणून घे ना,” खजिनदार काका म्हणाले. बहुतेक पुस्तकांतही हेच शिकवतात, म्हणून यावर जरा थांबून बोलावं लागलं. दिवसात सेकंद फक्त ८६,४०० असतात. एंटरचं बटण कुठल्या सेकंदाला दाबायचं हे दाबणाराच ठरवतो, म्हणजे निवड पुन्हा त्याच्याच हातात.

याचं मला कायम आठवणारं उदाहरण १९९९ सालचं आहे. एएसएफ सॉफ्टवेअर या कंपनीचा ऑनलाइन पोकरचा प्रोग्राम होता. आपण पत्ते प्रामाणिकपणे पिसतो हे दाखवायला त्यांनी पिसण्याचा कोड स्वतःहून जाहीर केला होता. ५२ पत्त्यांचे क्रम होतात सुमारे ८ वर ६७ शून्यं इतके. पण सीड घेतला होता मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले हा. दिवसभरात ते होतात ८ कोटी ६४ लाख, म्हणजे पत्त्यांचे क्रमही जास्तीत जास्त तेवढेच. रिलायेबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज इथल्या संशोधकांनी सर्व्हरच्या घड्याळाशी वेळ जुळवून शक्यता आणखी खूप कमी केल्या. मग हातातले दोन पत्ते आणि टेबलावरचे पहिले तीन कळले की बाकी सगळ्यांच्या हातात काय आहे ते त्यांना खेळ चालू असतानाच कळायचं. कोड जाहीर करणं योग्यच होतं असं मी आजही म्हणतो. त्यामुळेच तर चूक उघड झाली. मोडका होता तो सीड.

डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराची गोष्ट याहून गंभीर. मेमरी तपासणाऱ्या टूलची तक्रार थांबवण्यासाठी २००६ साली त्यातल्या ओपनएसएसएलच्या, म्हणजे गुप्त संदेशांच्या किल्ल्या बनवणाऱ्या प्रोग्रामच्या, कोडमधून दोन ओळी काढल्या गेल्या. त्यातली एक नेमकी आधी ओळखता न येणारा सगळा कच्चा माल आकडे काढणाऱ्या जनरेटरमध्ये मिसळणारी होती. सीडमध्ये उरला तो प्रोसेस आयडी, म्हणजे चालू प्रोग्रामला सिस्टीमने दिलेला क्रमांक, आणि तो ३२,७६८ च्या पुढे जात नसे. मे २००८ मध्ये हे जाहीर होईपर्यंत जगभरच्या सर्व्हरांवर अशा मोजक्या किल्ल्या तयार होत राहिल्या.

किल्ली, पासवर्ड, ओटीपी यांचा सीड कुणालाही, कधीही कळता कामा नये. तिथे ऑपरेटिंग सिस्टीमकडूनच आकडे मागायचे; पायथनमध्ये ३.६ पासून त्यासाठी सीक्रेट्स मोड्यूल आहे. साधं रँडम मोड्यूल मर्सेन ट्विस्टर नावाच्या सूत्रावर चालतं. त्याचे ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे पाहिले की पुढचे सगळे काढता येतात. रिव्ह्यूला आलेल्या कोडमध्ये ओटीपी त्याने बनवलेला दिसला तर मी तो पुढे जाऊ देत नाही, मग रिलीज त्याच संध्याकाळी असो.

सोडतीला मात्र गुप्तता नकोच. सीड सगळ्यांना दिसला पाहिजे, फक्त यादी आणि प्रोग्राम गोठवण्याआधी तो कुणालाही माहीत नसावा. इंटरनेटची मानकं ठरवणारी आयईटीएफ ही संस्था आपल्या नेमणूक समितीचे १० सभासद स्वयंसेवकांमधून असेच निवडते. तिची पद्धत २००४ च्या आरएफसी ३७९७ या दस्तऐवजात लिहिलेली आहे: लॉटरीचे निकाल किंवा शेअर बाजाराचे आकडे असे पुढे जाहीर होणारे स्रोत आधी सांगून ठेवायचे, ते आले की एकापुढे एक जोडायचे आणि हॅश, म्हणजे त्या मजकुरापासून ठरलेल्या सूत्राने निघणारा लांबलचक आकडा, काढून निवड करायची.

आम्ही सेन्सेक्स आणि निफ्टीचे बंद भाव घेतले. फ्लॅटची यादी, प्रोग्राम आणि सोडतीची तारीख नोटीस बोर्डावर लावली, व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकली. लगेच प्रश्न आले, आणि चांगले आले. त्या दिवशी बाजाराला सुट्टी असली तर? पुढचा कामकाजाचा दिवस. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, भाव पन्नास पैशांवर बंद झाला तर .५ लिहायचं की .५०? सगळ्यात मोलाचा प्रश्न हा होता. हॅशसाठी ते दोन वेगळे मजकूर आहेत आणि दोन्हींचे निकाल पूर्ण वेगळे येतात. नियमात ओळ वाढवली: दशांशानंतर नेहमी दोन अंक, स्वल्पविराम नाही.

पायथनचं यादी पिसून देणारं तयार शफल फंक्शनही मी वापरलं नाही. एकाच सीडवर रँडम फंक्शनचे आकडे पुढच्या आवृत्त्यांत तेच राहतील अशी हमी पायथन देतं, शफलबद्दल ती नाही. त्याऐवजी सीडला फ्लॅट नंबर जोडून प्रत्येकाचा एसएचए-२५६ या प्रमाणित सूत्राने हॅश काढला आणि हॅशच्या चढत्या क्रमाने जागा दिल्या. यादीत कोण आधी, कोण नंतर याचाही प्रश्न मिटला, आणि प्रत्येकाला आपला हॅश स्वतः काढून पाहता आला. बी विंगमधल्या नववीतल्या मुलीने सगळा निकाल जावास्क्रिप्टमध्ये पुन्हा काढून ग्रुपवर टाकला. तंतोतंत जुळला.

जागा न मिळालेल्यांपैकी एकांनी रात्री फोन केला. निकालावर त्यांचा आक्षेप नव्हता, हॅश त्यांनीही तपासला होता. त्यांचं म्हणणं, लागोपाठ दोन वर्षं ज्यांना जागा मिळाली नाही त्यांना तिसऱ्या वर्षी सोडतीआधीच का देऊ नये? मला हे रास्त वाटतं. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत तो विषय घ्यावा म्हणून मी सेक्रेटरींना पत्र दिलंय.