लंबक, पाच ठिपके आणि आलेख काढणारा कॅल्क्युलेटर

अमेरिकेत हायस्कूलमध्ये जाणाऱ्या मुलांच्या दप्तरात आलेख काढणारा कॅल्क्युलेटर हमखास सापडतो. आमच्या लेकीकडे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ प्लस आहे. असा पहिला कॅल्क्युलेटर कॅसिओने १९८५ साली आणला आणि १९९५ पासून इथल्या एपी कॅल्क्युलसच्या (हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेज-पातळीच्या गणिताच्या) परीक्षेत तो आवश्यक ठरला. माझे सगळे आलेख कागदावर, टोक काढलेल्या पेन्सिलीने काढलेले असल्यामुळे, यंत्राने आयता काढून दिलेल्या आलेखातून मुले काय शिकत असतील, अशी शंका मला बरेच दिवस होती. ती लेकीच्या भौतिकशास्त्राच्या गृहपाठाने दूर केली.

प्रयोग लंबकाचा होता. दोऱ्याची लांबी २०, ४०, ६०, ८० आणि १०० सेंटिमीटर ठेवून आम्ही प्रत्येक वेळी दहा आंदोलनांचा वेळ मोजला आणि त्याला दहाने भागले. उत्तरे आली ०.९०, १.२७, १.५५, १.७९ आणि २.०१ सेकंद. कॅल्क्युलेटरवरचे स्टॅट हे बटण दाबून एडिटमध्ये गेले की याद्यांचे रकाने उघडतात. एल-१ मध्ये लांब्या आणि एल-२ मध्ये वेळ भरला. आधीची यादी पुसायची असल्यास रकान्याच्या नावावर जाऊन क्लिअर आणि एंटर दाबावे; तिथे डिलीट दाबले, तर अख्खा रकानाच समोरून नाहीसा होतो. दोन्ही याद्यांतील आकड्यांची संख्या सारखी नसेल, तर यंत्र आलेख काढायलाच नकार देते, आणि ते मला फार योग्य वाटते, कारण जोडीदार नसलेल्या आकड्याचा ठिपका ठेवायचा तरी कुठे?

नंतर सेकंड आणि वाय-इक्वल्स दाबून स्टॅट प्लॉट उघडला, पहिला प्लॉट चालू केला, विखुरलेल्या ठिपक्यांचे चित्र निवडले आणि ग्राफ दाबले. पडदा कोरा! मी आकडे पुन्हा तपासू लागले. दोष मात्र आकड्यांत नव्हता. पडद्याची नेहमीची चौकट उणे १० ते १० अशी असते आणि आमचा पहिलाच ठिपका २० वर होता. झूममधला नववा पर्याय, झूमस्टॅट, आकडे पाहून चौकट आखतो. तो निवडताच पाचही ठिपके दिसू लागले. कागदावर प्रमाण ठरवताना जो विचार आम्ही आधी करत असू, तोच इथे नंतर करावा लागला.

खरी गंमत यापुढे होती. स्टॅटच्या कॅल्कमध्ये चौथ्या क्रमांकावर सरळ रेषा बसवण्याचा पर्याय आहे. डायग्नॉस्टिक ही सोय चालू असल्यास तो सहसंबंध गुणांकही, म्हणजे ठिपके सरळ रेषेच्या किती जवळ आहेत हे सांगणारा आकडाही दाखवतो; चढत्या रेषेवर सगळे ठिपके तंतोतंत बसले, तर तो १ येतो. आमचा गुणांक ०.९९४ आला. एवढा मोठा आकडा पाहून मी वही मिटणार होते, तेवढ्यात पडद्याकडे बघत लेक म्हणाली, "आई, ठिपके वाकतायत गं." आणि ते खरोखरच वाकत होते: दोन्ही टोकांचे ठिपके रेषेच्या खाली, मधले वर. शिवाय ती रेषा सांगत होती की दोऱ्याची लांबी शून्य असतानाही लंबक एका आंदोलनाला सुमारे ०.६८ सेकंद घेईल, जे अशक्य आहे. केवळ गुणांकावर विसंबले असते, तर ही चूक माझ्या ध्यानातही आली नसती.

आंदोलनकाल लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो, हे तिच्या पुस्तकात होतेच. आम्ही एल-३ च्या नावावर जाऊन एल-१ चे वर्गमूळ असे सूत्र दिले. एका एंटरमध्ये पाचही वर्गमुळे रकान्यात उतरली. आडव्या अक्षासाठी एल-१ ऐवजी एल-३ घेऊन पुन्हा झूमस्टॅट केले. या वेळी ठिपके एका ओळीत उभे राहिले, आणि नव्या रेषेच्या सूत्रात जिथे आधी ०.६८ होते, तिथे जवळजवळ शून्य आले. लेकीने जुना आणि नवा असे दोन्ही आलेख वहीत शेजारी शेजारी उतरवून घेतले, पेन्सिलीने.