आकडा येईपर्यंत

माझी उंची पाच फूट दहा इंच आहे आणि कामावर मी तिचा टेपसारखा उपयोग करतो. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या बास्केटबॉल सामन्यांत खेळाडूंची जी यादी वाटतात, तिच्यात बहुतेकांना इंच-दोन इंच फुकट मिळालेले असतात. म्हणून सामना संपल्यावर मुलाशी हात मिळवताना माझी भुवई त्याच्या हनुवटीला येते की ओठाला, एवढे मी गुपचूप पाहून घेतो. फेब्रुवारी २०२४ मधल्या त्या शुक्रवारी, यादीत सहा फूट चार इंच छापलेल्या मुलाच्या खालच्या ओठाशी माझी भुवई आली, म्हणजे तो सहा-दोनही जेमतेम होता. त्याचे नाव मी लिहिणार नाही. त्याच्या जर्सीवर चोवीस आकडा होता.

मी ओहायोतल्या एका छोट्या खासगी कॉलेजात पुरुषांच्या बास्केटबॉल संघाचा सहायक प्रशिक्षक आहे. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर खेळलेला माणूस इथवर कसा पोहोचला, ती वेगळी आणि कंटाळवाणी गोष्ट आहे. आमचे कॉलेज डिव्हिजन थ्रीमध्ये मोडते आणि या विभागात खेळासाठी एका डॉलरचीही शिष्यवृत्ती देता येत नाही. त्यामुळे वरच्या दोन विभागांनी जी मुले पाहिलेलीच नाहीत किंवा पाहून सोडली आहेत, ती आमच्या वाट्याला येतात. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची सामायिक यादी, सुरू झाले, २०२१ मध्ये पहिल्या बदलीनंतर वर्षभर बाकावर बसण्याची अट गेली, आणि तेव्हापासून मोठी कॉलेजे अठरा वर्षांच्या मुलाला घडवत बसण्यापेक्षा दुसरीकडचा बावीस वर्षांचा तयार गडी उचलणे पसंत करतात. हायस्कूलमधून बाहेर पडणारा मुलगा त्यामुळे एकेक पायरी खाली सरकतो. यात आमच्यासारख्यांचे फावले आहे, हे कबूल करायला हवे.

चोवीस नंबरबद्दल मला एका पंचाने सांगितले होते. पंचांना कोणी विचारत नाही, पण मुलाचा स्वभाव त्यांच्याइतका जवळून कोणालाच दिसत नाही. त्याचे म्हणणे एवढेच होते, “हा पोरगा शिट्टीनंतर माझ्याकडे बघत नाही, पुढच्या माणसाकडे बघतो.”

त्या रात्री त्याने आठ गुण केले. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्र वाचणाऱ्याला त्या आठापलीकडे काहीच कळले नसते. ओहायोत शाळांच्या सामन्यांना तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे ठराविक सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकायला लावणारे घड्याळ, नव्हते, त्यामुळे आघाडीवर असलेला संघ दीड-दोन मिनिटे चेंडू नुसता फिरवत ठेवी. प्रेक्षक अशा वेळी पॉपकॉर्न आणायला उठतात. मी मात्र वही काढतो, कारण चेंडू हातात नसलेला मुलगा त्या दोन मिनिटांत काय करतो, हे कुठल्याच व्हिडिओत सापडत नाही. सोबती बास्केटकडे घुसला की चोवीस नंबर कोपऱ्यात अशा जागी सरके, की पास देणाऱ्याला मान वळवावी लागू नये. पास निघण्यापूर्वीच त्याचे पाय शूट करण्यासाठी लागलेले असत आणि तेही रेषेच्या अडीच फूट मागे. हे अडीच फूट महत्त्वाचे आहेत: हायस्कूलची थ्रीची, म्हणजे तीन गुणांच्या बास्केटची, रेषा १९ फूट ९ इंचांवर असते आणि कॉलेजची २२ फूट पावणेदोन इंचांवर. म्हणजे कोणी न सांगता तो आमच्या रेषेवरून खेळत होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याने स्वतःपेक्षा दीडपट वजनाच्या मुलाला सलग चार वेळा पाठीने अडवून धरले. चारही रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेले चेंडू, दुसऱ्याच सोबत्याच्या हाती आणि नावावर गेले, आणि टाळ्याही त्यालाच मिळाल्या.

हा मुलगा कोणाला दिसला कसा नाही, याचे उत्तर साधे होते. जुलैत कॉलेजांचे प्रशिक्षक ज्या स्पर्धांना गर्दी करतात, तिथे खेळायचे तर क्लबची फी, मोटेल आणि प्रवास असा खर्च येतो. त्या महिन्यात हा वडिलांबरोबर घरांची छपरे शाकारत असे.

वडील पॉपकॉर्नच्या टेबलापाशी भेटले. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पालकांना डंकन रॉबिन्सन पाठ असतो. तो विल्यम्ससारख्या डिव्हिजन थ्री कॉलेजातून मिशिगनला गेला आणि पुढे मायामीकडून एनबीएची अंतिम फेरी खेळला, हे खरेच आहे; पण आपला मुलगा दुसरा रॉबिन्सन नव्हे, हे बापाला सांगायचे काम आमचे मुख्य प्रशिक्षक दर वेळी माझ्या गळ्यात घालतात. या गृहस्थांनी ते नाव काढले नाही. त्यांनी एकच विचारले, “सगळी मदत वजा जाता वर्षाला आम्ही किती भरायचे?”

मी म्हणालो, “आकडा लवकरच येईल.”

एरवी हे उत्तर चालून गेले असते. सरकारी मदतीचा फॅफ्सा हा अर्ज साधारणपणे १ ऑक्टोबरच्या सुमारास खुला होतो. त्या वर्षी तो नव्या रूपात डिसेंबर संपता संपता आला आणि त्यातली माहिती कॉलेजांकडे यायला मार्चचा मध्य उजाडला. ती आल्याशिवाय बहुतेक कॉलेजे पक्का आकडा सांगू शकत नव्हती. शिवाय डिव्हिजन थ्रीमध्ये खेळाडूची मदत ठरवण्यात प्रशिक्षकाने हात घालायचा नाही, असा नियम आहे; लवकर करा म्हणून मदत ठरवणाऱ्या कचेरीच्या खिडकीशी जाऊन उभे राहण्याचीही मला सोय नव्हती. नियम योग्य आहे, असे मी आजही म्हणेन, पण त्या वसंतात मी त्याला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या.

मार्चच्या शेवटी एका सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजच्या प्रशिक्षकाचा फोन आला. आमची स्पर्धांमधून ओळख आहे. तो म्हणाला, “त्या चोवीस नंबरच्या मागे तू आहेस ना? माझ्याकडे शुक्रवारपर्यंत एक जागा आहे. शिकवणीची फी आणि पुस्तके मी देऊ शकतो. तू सोडणार असशील तरच विचारतो त्याला.”

मी म्हणालो, “तो आमच्याकडे येतोय.”

हे खोटे नव्हते. मुलगा कॉलेज पाहून गेला होता, आमच्या मुलांबरोबर खेळला होता, आणि “मला इथेच यायचंय, कोच,” असे त्याने स्वतः म्हटले होते. पण वडिलांचा प्रश्न अजून तसाच उभा होता आणि त्या फोनबद्दल मी मुलाच्या घरी काही कळवले नाही. तो प्रशिक्षक माझ्याशी सौजन्य राखून थांबला होता आणि मी त्याच्या सौजन्याचा फायदा घेतला. त्याची जागा त्या शुक्रवारी भरली.

आमचे पत्र मे महिन्यात गेले. उरलेली रक्कम वर्षाला चौदा हजार डॉलर होती. वडिलांनी फोनवर माझे आभार मानले आणि ते जमणार नाही, असे सांगितले. मुलगा त्यांच्याबरोबर छपरांवर गेला. मुख्य प्रशिक्षक म्हणाले की असे दर वर्षी दोन-तीन जण जातात. ते बरोबर आहे. पण त्या दोन-तीन जणांसाठी दुसऱ्या कोणाचा फोन आला होता का, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

गेल्या ऑक्टोबरात मुलाचा मेसेज आला. थोडे पैसे साठले आहेत, त्याच दोन वर्षांच्या कॉलेजात पुन्हा विचारून पाहतो आहे, तुमच्याकडे माझ्या सामन्यांचे काही चित्रण असेल का, असे त्याने विचारले होते. मी दोन रात्री बसून चार मिनिटांचा व्हिडिओ कापला. कोपऱ्यातले सरकणे, पाठीने अडवणे, पासच्या आधी लागलेले पाय, सगळे त्यात घेतले. या कामात मी कधी काही नीट केले असेल तर ते हेच. तिथला प्रशिक्षक मधल्या काळात बदलला होता. नव्या माणसाचे एका ओळीचे उत्तर आले: “यात तो बास्केट कधी करतो?”

मग मी त्याच रात्री त्याच्या बारा थ्री एकापाठोपाठ एक जोडल्या, वर ढोलाचे संगीत घातले आणि पाठवून दिल्या.