यादीमा नाव शे ना?

बँकेत शेवटची नऊ वर्षं माझ्याकडे शैक्षणिक कर्जाचं टेबल होतं. अमळनेर, पारोळा, धरणगाव, एरंडोल अशा गावांची पोरं वडिलांना घेऊन यायची. वडिलांच्या हातात कापडाच्या दुकानातली पिशवी. तिच्यात घराचा उतारा, एखाद्या एनए प्लॉटचं खरेदीखत आणि वेगळ्या फोल्डरमध्ये सुरकुती न पडू देता आणलेला आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसाला लागणारा अमेरिकन कॉलेजचा प्रवेशाचा कागद. साडेसात लाखांच्या वर कर्ज म्हटलं की तारण आलंच. शेतजमीन आमच्याकडे या कर्जाला चालत नसे, म्हणून बहुतेक वेळा राहतं घरच लागायचं.

पोरगा व्याजदर विचारायचा. बाप मात्र अहिराणीत एकच गोष्ट विचारायचा ('शे' म्हणजे 'आहे'). "साहेब, हाई कालेज खरं शे ना?"

मग मी मॉनिटर त्यांच्याकडे वळवायचो. अमेरिकन सरकारच्या साइटवर परदेशी विद्यार्थी घ्यायला परवानगी असलेल्या संस्थांची यादी असते. कॉलेजचं नाव टाकायचं, आलं की प्रिंट काढून फाइलला लावायची. "सरकारी यादीमा नाव शे, नाना." एवढं ऐकलं की नानांची पाठ खुर्चीला टेकायची. सर्च रिपोर्टला वकील, किमतीला व्हॅल्युअर, पण कॉलेजच्या खरेपणाला ही एक प्रिंट पुरायची.

ती यादी ठेवतं कोण, हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट, म्हणजे 'आइस'. २००३ साली अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी, म्हणजे अंतर्गत सुरक्षा खात्यात जन्माला आलेली. हल्ली तोंड झाकून लोकांना रस्त्यातून उचलणारे तिचे जवान मोबाइलवर सगळ्यांनीच पाहिलेत. परदेशी विद्यार्थ्यांचं दप्तरही तिच्याकडेच असतं. व्हिसाच्या आधी प्रत्येक पोरगं जे ३५० डॉलर भरतं (जून २०१९ च्या आधी २०० होते), ते याच दप्तराच्या खर्चाला जातात.

आता मिशिगनमधल्या फार्मिंग्टन हिल्सची गोष्ट. तिथे 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' होती. वेबसाइट होती, लॅटिन ब्रीदवाक्य होतं, एका व्यापारी इमारतीत ऑफिस होतं, फी वर्षाला साधारण १२,००० डॉलर. शिक्षक एकही नाही, वर्ग एकही नाही. २०१५ मध्ये आइसनेच व्हिसाचे घोटाळे पकडायला सापळा म्हणून ती थाटली होती आणि ऑफिसात बसलेले 'अधिकारी' तिचेच वेषांतर केलेले एजंट होते. मान्यता देणाऱ्या खाजगी संस्थेनेही सरकारच्या सांगण्यावरून तिला आपल्या यादीत दाखवलं. आणि माझी ती सरकारी यादी? तिच्यातही नाव होतं.

म्हणजे एखाद्या नानांनी ते नाव घेऊन विचारलं असतं, तर मी प्रिंट काढून, सही करून, शिक्का मारून दिली असती. तसं झालं नाही. तिथे गेलेली बहुतेक पोरं आधीच अमेरिकेत दुसरीकडे शिकत होती, त्यामुळे आमच्या शाखेत ती फाइल यायचा प्रश्नच आला नाही. तरी २०१९ मध्ये बातमी वाचली तेव्हा मी जुन्या फाइली काढून बसलो होतो. शिपाई म्हणाला, "ऑडिट शे का साहेब?"

जानेवारी २०१९ मध्ये धरपकड झाली. पहिल्या १३० विद्यार्थ्यांत १२९ आपले. वर्ष संपेपर्यंत आकडा अडीचशेच्या घरात गेला. दिल्लीत परराष्ट्र खात्याने अमेरिकी वकिलातीला निषेधाचं पत्र दिलं.

सगळी पोरं धुतल्या तांदळासारखी होती असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईकं आणणारे आठ दलाल होते, आठांनीही गुन्हा कबूल केला. वर्ग भरत नाहीत हे माहीत असून फक्त व्हिसा टिकवायला पैसे भरणारेही असणार; तिथल्या सरकारचं म्हणणं तेच आहे. पण वर्ग कधी सुरू होणार म्हणून विचारत राहिलेलेही होते. नकली नोट खपवणारा पकडायचा म्हणून रिझर्व्ह बँकेने स्वतः नकली नोटा छापून, वर "खरी आहे" असं काउंटरवरून सांगितलं, तर आम्ही कॅशियर लोकांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? शिवाय फी परत दिली नाही ती नाहीच. विद्यार्थ्यांनी करारभंगाचा दावा लावला, खालच्या कोर्टाने फेटाळला, जून २०२४ मध्ये अपील कोर्टाने तो पुन्हा जिवंत केला.

हे सगळं जुनं झालं म्हणून मी सोडून दिलं होतं. मग एप्रिल २०२५ आला.

माझी भाची तिकडे मास्टर्स करते. त्या महिन्यात आइसने आपल्या संगणकातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी, ज्यांच्यावर त्यांचं तिथे राहणं अवलंबून असतं, धडाधड बंद केल्या, ४,७०० हून जास्त. कसं केलं ते पुढे कोर्टात त्यांच्याच माणसाने सांगितलं: सुमारे १३ लाख विद्यार्थ्यांची नावं पोलिसांच्या डेटाबेसला लावली, ६,४०० च्या आसपास जुळली, आणि दहा-वीस कर्मचाऱ्यांनी ती हातावेगळी केली. जुळलेल्यांत वाहतुकीचे किरकोळ मामले होते, निकालात निघालेल्या केसेस होत्या. पोरांना नोटीस नाही. पुष्कळांना कॉलेजच्या ऑफिसने सांगितलं, तेही ऑफिसने स्वतःहून स्क्रीन तपासली म्हणून.

कर्ज बुडवणाऱ्याच्या घराचा ताबा घ्यायचा तर मला कायद्याने ६० दिवसांची नोटीस द्यावी लागायची. घेणारा नसला तर दाराला चिकटवून फोटो काढायचा. हे सगळं बुडव्यासाठी.

भाचीला दोन वर्षांपूर्वी वेगात गाडी चालवल्याचा दंड झाला होता. भरला, विषय संपला. पण त्या एप्रिलात ती रोज कॉलेजच्या ऑफिसात जाऊन स्वतःची नोंद बघायला लावायची आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर एकच अक्षर टाकायची. "शे." इकडे जळगावात रात्री अकरालाही कूलर गरम हवा फेकत असायचा, आणि मी गच्चीवर फोन छातीवर ठेवून पडलेला. एकदा "शे" आलं नाही. पहाटे चारला कळलं की तिच्या फोनची बॅटरी संपली होती. ताईला मी ते अजून सांगितलेलं नाही.

शेकडो पोरं कोर्टात गेली, न्यायाधीश एकामागून एक स्थगिती देऊ लागले, आणि २५ एप्रिलला सरकारने नोंदी परत चालू करतो म्हणून सांगितलं.

मी निवृत्त झालो तरी लोक घरी फाइल घेऊन येतातच. परवा पारोळ्याचे एक आप्पा आले, पोराला घेऊन. भरताची वांगी आणली होती, ती आधी आत पाठवली. मग तेच.

"भाऊ, यादीमा नाव शे ना?"

"शे," मी म्हटलं, "पण थांबा."

रात्री साडेआठपर्यंत त्यांना जेवायला ठेवून घेतलं. तिकडे सकाळ झाल्यावर पोराला स्पीकरवर फोन लावायला सांगितला. रजिस्ट्रारचं ऑफिस नको, थेट डिपार्टमेंट. विचार म्हटलं, पहिल्या सेमिस्टरचा पहिला विषय कोण शिकवतं, कुठल्या वारी, कुठल्या खोलीत. पोरगा लाजत होता. पलीकडची बाई जरा गोंधळली, पण तिने शोधून सांगितलं. मंगळवार आणि गुरुवार, दुसरा मजला. आप्पांनी खिशातून पेन काढलं आणि घराच्या उताऱ्याच्या पाठीमागे लिहून घेतलं.